पहिल्या नंबरचा मेहुणा

देवळी संस्थानात हुतूतूच्या सामन्यांआधी मोठी गंमत चाले. चिमणाजी चिटणीस चढाई करणाऱ्या गड्यांना कसब पाहून नंबर देत, मग महाराज आणि सरदार पाळीपाळीने आपापले गडी निवडत. ज्याचे गडी जास्त गुण मिळवतील, त्याचा झेंडा वर्षभर राजवाड्यावर. गेल्या वर्षीपासून तिथे सरदार भोइट्यांचा झेंडा फडकत होता आणि तो महाराजांना सिंहासनावरूनही दिसे!

यंदा राणीसाहेबांचे भाऊ सर्जेराव मैदानात उतरले. मधली रेघ ओलांडण्याआधीच त्यांचा दम संपे. चिटणिसांनी त्यांना शेवटचा नंबर दिला.

महाराज कडाडले, "आमचा मेहुणा शेवटी? उद्या भर दरबारात तो पहिला आला नाही, तर तुमची चिटणिशी गेली म्हणून समजा!"

दुसऱ्या दिवशी चिटणिसांनी खणखणीत आवाजात वाचलं, "पहिले, श्रीमंत सर्जेराव!"

महाराजांनी मिशीला पीळ दिला. सरदारांनी माना खाली घालून हसू दाबलं.

"आता निवड," चिटणीस लवून म्हणाले. "पहिली पाळी सरकारांची. सरकारांनी दुसरा गडी घेतला, तर सरकारांचाच मेहुण्यावर भरवसा नाही असं लोक म्हणतील. तेव्हा सर्जेरावांना सरकारांच्या नावावर लिहू ना?"

महाराजांनी बाहेरच्या झेंड्याकडे पाहिलं, मग मेहुण्याच्या पोटाकडे पाहिलं.

"चिटणीस, तुमचे कालचेच नंबर बरोबर होते."

"पण सरकार, काल तर आपण रागावलात..."

"काल आम्हाला उपास होता. वाचा!"