एकवीसशे रुपयांचे ऊन

घाटाच्या पायथ्याशी आंबेरी नावाचे एक गाव होते. तिथे मार्तंड तांबट नावाचा कारागीर राहत असे. त्याच्या बापजाद्यांचा धंदा तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करण्याचा. पुढे घरोघर स्टीलची भांडी आली आणि कल्हई मागे पडली. मग मार्तंड पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी असे काय येईल ते दुरुस्त करू लागला. हात कुशल होता. त्याहून मोठे होते त्याचे कुतूहल.

एकदा गावच्या शाळेसमोर सरकारी दिवा उभा राहिला. त्याला तार नव्हती. डोक्यावर काळीनिळी पाटी होती, आणि दिवसभर ऊन खाऊन तो दिवा संध्याकाळी आपोआप लागत असे. मार्तंड दोन दिवस त्याच्याखाली उभा राहिला. उन्हाने पापड वाळतात, कपडे वाळतात, हे ठीक. पण उन्हाने दिवा लागतो तो कसा? गुरुजींना विचारले. त्यांनी पुस्तकातून जे सांगितले ते त्याला निम्मेच कळले. उरलेले निम्मे हाताने समजून घ्यायचे त्याने ठरवले.

त्याने शहरातून सौरपाटीच्या सुट्या चकत्या आणल्या. त्या पापडासारख्या पातळ होत्या. एक चकती उन्हात धरून त्याने वीज मोजायच्या मीटरचा काटा पाहिला. काटा हलला. चकतीवर हाताची सावली धरली, काटा बसला. सावली काढली, काटा उठला. मार्तंडने हे पंचवीस वेळा केले. त्याची बायको सगुणा दारातून बघत होती. तिने जेवायला तीनदा हाक मारली, आणि शेवटी तीही येऊन काटा बघत बसली.

अशा छत्तीस चकत्या कथलाने एकीला एक जोडायच्या, काचेखाली बसवायच्या, की पाटी तयार. ऐकायला सोपे. पहिल्या पाटीत जोड देतानाच निम्म्या चकत्या तडकल्या. दुसरी पाटी पुरी झाली, पण तिच्या कडा साध्या डिंकाने चिकटवल्या होत्या. आत दमटपणा शिरला, जोड गंजले आणि महिन्याभरात ती मेली. तिसऱ्या वेळी मार्तंडने मागून जाड पत्रा घातला, कडांना पाणी शिरू न देणारे सिलिकॉन भरले, तीन दिवस वाळू दिले. ही पाटी चालली. या सगळ्यात तीन महिने गेले. पण त्याला कितीतरी गोष्टी कळल्या. एका चकतीवर पिंपळाचे पान पडले तरी सगळी पाटी सुस्तावते. भर दुपारी तापलेली पाटी जेवढी वीज देते, त्याहून जास्त ती थंडीच्या स्वच्छ उन्हात देते. असे काही कळले की तो दिवसभर खुशीत असे.

घरात पंखा फिरू लागला. लोक बघायला आले. त्यांचा पहिला प्रश्न एकच होता: खर्च किती आला?

मार्तंडने छपरावरच्या पाटीकडे पाहिले. मग म्हणाला, "एकवीसशे."

हे खोटे नव्हते. तिसऱ्या पाटीला एकवीसशेच लागले होते. पहिल्या दोन पाट्यांचे, बॅटरीचे, तीन महिन्यांच्या बुडालेल्या कामाचे त्याने काही सांगितले नाही. बाजारात तशी पाटी पाच हजारांना मिळत होती. लोक तोंडात बोटे घालत गेले. सगुणाने नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि ती आत निघून गेली. फसलेल्या दोन्ही पाट्या मार्तंडने त्याच दिवशी माळ्यावर, गोणपाटाखाली ठेवल्या.

त्याच आळीत अनुसया जगदाळे राहत असे. नवरा ट्रकवर, वर्षातून दोनदा घरी. ती गावरान कोंबड्या पाळी. तिने अंडी उबवायची एक पेटी घेतली होती. पेटीत ऐंशी अंडी मावत. एकवीस दिवस आत सारखी ऊब लागते. आणि आंबेरीत वीज तर दिवसाआड जायची. तिने मार्तंडला गाठले आणि तशीच पाटी आपल्यालाही करता येईल का, असे विचारले. मार्तंडने सामानाची यादी दिली, एका दुपारी जोड कसा द्यायचा तेही दाखवले. अनुसया हुशार. तिच्या हातून चारच चकत्या तडकल्या.

जाताना तिने विचारले, "भावजी, यात पाणी शिरणार नाही ना?"

मार्तंडने आपल्या छपरावरच्या पाटीकडे बोट दाखवले. "माझ्यात शिरलं का?"

एवढ्यावर अनुसया निर्धास्त झाली. यादीत सिलिकॉनचे नाव नव्हते, म्हणून कडा तिने डिंकाने चिकटवल्या. बॅटरी मोठी लागते हे तिला कुणी सांगितले नव्हते, म्हणून मोटरसायकलची जुनी बॅटरी जोडली. बचत गटातल्या बायकांना पिल्ले द्यायचा तिने शब्द दिला, घरोघर हिंडून निवडक अंडी गोळा केली आणि पेटी भरली.

सोळाव्या दिवशी वळीव आला. दोन खांब पडले आणि वीज गेली. जुन्या बॅटरीने तासभर तग धरला. दुसऱ्या दिवशी ऊन पडले, तरी पाटीतून काहीच येत नव्हते. अनुसयाने पेटीला गोधड्या गुंडाळल्या, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, चुलीजवळ नेली. वीज यायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिने एक अंडे फोडून पाहिले. पिल्लाला पिसे फुटली होती. ते हलत नव्हते. मग तिने दुसरे फोडले, मग तिसरे. पुढची फोडली नाहीत.

मार्तंड धावत गेला. तिची पाटी उतरवून त्याने मागची बाजू उघडली. कडेने हिरवट गंज आत सरकला होता. हुबेहूब त्याच्या दुसऱ्या पाटीसारखा. त्याने तो गंज आधी पाहिलेला होता. त्यावरचा उपायही त्याला ठाऊक होता.

अनुसया म्हणाली, "माझाच हात कच्चा, भावजी. तुमची बघा कशी चालते."

मार्तंडने पाटीची मागची बाजू पुन्हा बंद केली. तो घरी आला. त्या दिवशी त्याने हातात काम घेतले नाही. कुणी त्याला दोष देत नव्हते. तो गप्प राहिला असता तर अनुसयाचा हात कच्चा ठरला असता, त्याचे नाव तसेच राहिले असते. पण जेवायला बसल्यावर त्याने ताट बाजूला सारले.

"आता सांगितलं तर लोक हसतील," तो सगुणाला म्हणाला.

"हसतील," ती म्हणाली. "पण पुढची अंडी तरी वाचतील."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मार्तंड माळ्यावरच्या दोन्ही मेलेल्या पाट्या घेऊन चावडीपुढे गेला. छपरावरची चालती पाटीही त्याने उतरवून आणली. तिन्ही पाट्या ओट्यावर ओळीने मांडल्या. अनुसयालाही बोलावले. मग कुठल्या पाटीत काय चुकले ते त्याने सगळ्यांना हात लावून दाखवले. तिन्ही पाट्या आणि बॅटरी धरून आपल्याला साडेनऊ हजार लागले, असे सांगितले. तीन महिन्यांचे काम बुडाले तेही सांगितले. पाटी आणि बॅटरी दोन्ही तयार घेतली असती तर नऊ हजारांत झाले असते, हेही त्याने लपवले नाही.

गर्दीतला एक दुकानदार हसला. "म्हणजे एवढं करून पाचशे रुपये जास्तच गेले!"

"गेले," मार्तंड म्हणाला. "त्याचं मला दुःख नाही. त्यात मला ऊन कळलं. पण त्या चुकांची किंमत मी एकदा भरलेली होती. वहिनींना मी ती दुसऱ्यांदा भरायला लावली."

मग कुणी हसले नाही. अनुसया मेलेल्या पाटीच्या कडेवरून बोट फिरवत होती. आपल्या पाटीवर असाच गंज होता, हे तिला दिसत होते. तिला राग आला होता, आणि तो तिने लपवला नाही. "हे तेव्हाच सांगायचं होतं," एवढेच ती म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळी मार्तंडने आपली चालती पाटी आणि मोठी बॅटरी तिच्या अंगणात नेऊन ठेवली. अनुसयाने ती फुकट घ्यायला नकार दिला. माझी नवी पाटी तयार होईपर्यंत वापरीन, म्हणाली, आणि ती मीच करणार. तुम्ही शेजारी बसून चुका सांगायच्या. मार्तंड पंधरा दिवस रोज सकाळी दोन तास तिच्या पडवीत बसला. नव्या पाटीला आणि बॅटरीला मिळून साडेसहा हजार लागले. आता मात्र खरोखर अडीच हजार वाचले होते. बचत गटातल्या बायकांकडे जाऊन तिने महिनाभराची मुदत मागून घेतली आणि पुन्हा ऐंशी अंडी लावली. मधे वीज तीनदा गेली. एकविसाव्या दिवशी पेटीतून चिवचिव ऐकू आली. सदुसष्ट पिल्ले निघाली.

त्यानंतरही लोक मार्तंडकडे येत. तो आधी विचारी, हाताशी वेळ किती आहे? ज्याला वेळ नसे त्याला तो स्वतःच दुकानाचा रस्ता दाखवी. ज्याला शिकायची हौस असे त्याला बसवून घेई, आणि शिकवायला सुरुवात मेलेल्या पाटीपासून करी.

एकदा शेजारच्या गावचा एक माणूस अनुसयाच्या अंगणात आला. छपराकडे बघून त्याने विचारले, "बाई, ही पाटी केवढ्याला पडली?"

अनुसया कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती म्हणाली, "नुसते पैसे सांगू, की सगळं सांगू?"

माणसाने थोडा विचार केला. मग पायातल्या चपला काढून तो ओट्यावर बसला.

तात्पर्य: आपले यश सांगताना त्यामागच्या चुकाही सांगाव्यात; आपण लपवलेली चूक दुसऱ्या कुणाला तरी भोवते, आणि उघड सांगितलेली चूक त्याला वाचवते.