बगळ्याच्या पावलाचं पान

तळ्यावरचं धुकं दुपारपर्यंत रेंगाळायचं, त्या काळची ही गोष्ट. साळुंकी वडाच्या ढोलीत पानं मांडून बसे. प्रत्येक पानावर कुणाच्या तरी पावलाचा ठसा असे, देणं फेडण्याच्या वचनाची खूण म्हणून.

"हे बघ चिटके," ती खारीला म्हणाली, "सुगरणीनं बगळ्याला घरटं विणून दिलंय. तो पुनवेला तिला दहा शिंगाडे देणार. पण तिची नड आजची आहे. तू आठ दे, पुनवेचे दहा तुझे!"

चिटकीकडे आठच शिंगाडे होते, पिलांच्या उन्हाळ्यासाठी राखलेले. दहाच्या स्वप्नात तिची शेपटी आपोआप डुलू लागली. "बगळेदादांना एकदा विचारून येऊ का?"

"अगं, ठसा त्याचाच आहे! किती गं संशयी तू!"

तरी चिटकी धुक्यातून तळ्याकाठी गेली. बगळा एका पायावर ढगासारखा उभा होता.

"घरटं? मला?" तो हसला. "सुगरणीच्या घरट्यात माझी मान तरी मावेल का, बाई? चिखलात मी रोज शंभर ठसे सोडतो. कुणीही त्यावर पान दाबावं नि उचलून न्यावं."

चिटकी परतली, तेव्हा साळुंकी तेच पान सशाला दाखवत होती. सशाच्या पुढ्यात त्याचे सगळे शिंगाडे होते.

"ससोबा," चिटकी म्हणाली, "शिंगाडे उचला आणि आधी तळ्यापर्यंत चला. वाट मी दाखवते."