साहेबांच्या आईचा शालू

गंजून रंग उडालेलं वाफेचं इंजिन दुरुस्त होऊन संग्रहालयाच्या दारात उभं राहायचं होतं. सगळं अडलं होतं रंगावर. सखाहरी पेंटर म्हणायचा, "हे हिरवं होतं, माझ्या बापानं रंगवलेलं." नवे साहेब रणनवरे म्हणत, काळं. त्यांच्या हातात इंजिनाचा जुना फोटो होता.

"डोळे आहेत ना? काळंकुट्ट दिसतंय! उद्यापासून काळा रंग. जमत नसेल तर घरी बसा."

बापाच्या हातचा रंग कायमचा जाणार होता. पण सखाहरी भांडला नाही. साहेबांच्या टेबलावर त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाचा फोटो होता, तो त्यानं अदबीनं न्याहाळला.

"साहेब, आईसाहेब बोहल्यावर काळं नेसून उभ्या होत्या?"

"काहीतरीच काय! लग्नात काळं कोण नेसतं? हिरवा शालू होता तिचा, अजून कपाटात आहे."

"पण फोटोत तर काळाकुट्ट दिसतोय."

साहेब दोन्ही फोटो आळीपाळीनं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणून इंजिन हिरवंच, असं कुठं ठरतं?"

"नाहीच ठरत. त्यासाठी नंबराची पाटी काढू. तिच्याखाली ऊन-पाऊस पोचत नाही."

चार स्क्रू निघाले, पितळी पाटी उतरली, आणि खाली हिरवा रंग काल दिल्यासारखा!

काळ्या रंगाचे डबे परत गेले. उद्घाटनाला साहेबांच्या आई तोच शालू नेसून आल्या, तेव्हा सखाहरीनं त्यांना इंजिनाशेजारी उभं करून फोटो काढायला लावला. रंगीत.