मडक्याचा विभाग

डीन विश्वंभर खर्शीकरांना सरमिसळीचा भारी तिटकारा. डब्यातली भाजी आमटीला लागली, तरी ते जेवण सोडून उठत. नेमका त्यांच्याच कलामहाविद्यालयात वैजयंतीने पदव्युत्तर संशोधनाला विषय घेतला, मडक्याची माती आणि मडक्याचा नाद. झालं! शिल्पकलेचे प्रमुख म्हणाले, "वाजतं ना? मग संगीताकडे जा." संगीताच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "मातीचं आहे ना? मग शिल्पकलेकडे जा."

वैतागलेली वैजयंती मडकं कडेवर घेऊन थेट डीनच्या केबिनमध्ये शिरली. खर्शीकरांनी दोन्ही प्रमुखांना बोलावून घेतलं आणि निकाल दिला, "मडकं शिल्पकलेत जमा कर, नाद संगीतात. आजच्या आज! नाहीतर प्रवेश रद्द."

वैजयंतीने मडकं अलगद टेबलावर ठेवलं. "सर, मला नाही जमत. तुम्हीच दोन्ही वेगळं करून द्या."

"त्यात काय एवढं!" खर्शीकरांनी पेपरवेट उगारला. "हे फोडलं की नादाची कटकटच मिटली. उरलेली माती शिल्पकलेची."

"फोडा ना सर. फक्त फुटताना जो आवाज होईल, तो कुठे जमा करायचा, तेवढं आधी सांगा."

पेपरवेट हवेतच राहिला.

"आवाज आमचा," संगीताच्या बाई म्हणाल्या.

"अहो, पण फुटणार आमची माती!" शिल्पकलेचे प्रमुख उसळले.

खर्शीकरांनी वैजयंतीच्या प्रवेशअर्जावर दोन्ही विभाग लिहिले आणि सही केली. मग पेपरवेट खाली ठेवला, तोही रुमालावर. आवाज झाला असता, तर जमा कुठे केला असता?