पोटातलं रान

“तू माझी आई असलीस म्हणून काय झालं? माझ्या लेकराच्या तोंडाला लीद लागू देणार नाही म्हणजे नाही,” असं म्हणत एका जंगलात एक हत्तीण आपल्या म्हाताऱ्या आईची वाट अडवून उभी होती. तिच्या पायांच्या आडोशाला तिचं पिल्लू बसलं होतं. बसलं होतं म्हणजे, पोरांनो, त्याला उभंच राहवत नव्हतं. पाठीचा कणा वर आलेला, डोळ्यांवर खड्डे पडलेले, आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं टम्म फुगलेलं.

म्हातारी हत्तीण त्या कळपाची थोरली. हत्तींमध्ये कारभार थोरल्या बाईकडे असतो आणि तो उत्तम चालतो, हे ध्यानात ठेवा. ज्या डोहावर कळपानं हिवाळा काढला तो आता आटून चिखल झाला होता. खिंड चढून पलीकडच्या नदीवर जाणं भाग होतं, आणि खिंड चढायला चार पाय धड लागतात. पिल्लाचे चारही लटपटत होते. लेकरू चालणार नसेल तर मीही इथून हलणार नाही, असं त्याच्या आईनं सांगून टाकलं होतं. म्हणजे मागे राहिली तर तहानेनं दोघंही जाणार. भांडण लीदेवरून चाललं होतं खरं, पण पणाला लागला होता या दोघांचा जीव.

म्हातारीचं म्हणणं अगदी साधं होतं. मोठ्यांची ताजी लीद पडते, तिच्यात पिल्लाला सोंड घालू दे, थोडी खाऊ दे. हत्तीची सगळी पिल्लं खातात. कोणी शिकवत नाही, कोणी अडवत नाही. यावर लेक म्हणे, सगळी खात असतील, माझं खाणार नाही.

आता ही लेक अशी का, तेही सांगते. लहानपणी ती माणसांनी खणलेल्या खड्ड्यात पडली होती. माणसांनी तिला लाकडाच्या वखारीत नेलं, ओंडके ओढायला लावलं. तिथे लीद पडली रे पडली की एक माणूस खराटा घेऊन धावत यायचा आणि नाक मुरडून ती लोटून द्यायचा. रोजच्या रोज अंघोळ, रोजच्या रोज घासणं. पुढे वखार बंद पडली, माणसांनी पायातली साखळी काढून तिला रानात सोडलं, आणि वास काढत काढत ती आपल्या कळपात परतली. पायावर साखळीचा वळ होता, आणि डोक्यात तो खराटा होता. कळपात कोणाची लीद पडली की ती पिल्लाला ओढून लांब न्यायची, सोंडेनं माती उडवून ती जागा झाकायची आणि पिल्लाला पुन्हा पाण्यात बुचकळायची. स्वतःच्या लीदेलाही तिनं त्याला कधी शिवू दिलं नाही. तिची थोरली बहीण, म्हणजे पिल्लाची मावशी, येता जाता टोमणा मारी, “आमची धाकटी सगळं घेऊन आली, खराटा तेवढा वखारीत विसरली.”

पिल्लू दुधावर होतं तोवर सगळं ठीक चाललं. ऊन वाढलं, आईचं दूध आटत गेलं, तसं ते गवताला तोंड लावू लागलं. आणि खाई किती म्हणाल, तर त्याच्या मावशीपेक्षा जास्त. बांबूचे कोंब, झाडांच्या साली, हिरवं वाळकं सगळं. जितकं खाई तितकं वाळत जाई. आईला वाटे, कमीच पडतंय. ती लांब जाऊन कोवळं कोवळं उपटून आणी, निवडून, झटकून, धुऊन त्याच्यापुढे ठेवी. पिल्लू तेही खाई. भरल्या पोटी उपासमार कशी होते हे त्या आईला दिसत होतं, पण कळत नव्हतं.

म्हाताऱ्या हत्तिणीनं वाद सोडला. ती पिल्लाच्या मागे गेली आणि त्याचीच लीद पायानं चिरडून लेकीसमोर पसरली. आत गवताच्या काड्या होत्या, हिरव्या, जशा उपटल्या तशा. मग तिनं स्वतःची लीद शेजारी पसरली. तीतही काड्या होत्या, पण पिंजलेल्या, रस निघून गेलेल्या.

“गवत आत गेलं आणि बाहेर आलं. मध्ये काही झालंच नाही,” म्हातारी म्हणाली.

लेक म्हणाली, “पोट कच्चं आहे अजून त्याचं. मोठं होईल तसं शिकेल.”

“पोट एकटं काही करत नसतं, बाई. त्यात बिऱ्हाडं असावी लागतात.”

इथे भांडण जरा थांबवते, कारण ही बिऱ्हाडं कोणती ते तुम्हाला कळलं पाहिजे. ते कळल्यावर तोंडात बोट घालाल, आणि घालावंच.

एवढा थोरला हत्ती. झाड मुळासकट उपटतो, त्याच्या चालण्यानं जमीन थरथरते. पण गवताची साधी काडी त्याला स्वतःच्या बळावर फोडता येत नाही. ती फोडतात त्याच्या आतड्यात राहणारे जिवाणू. इतके बारके, की डोळ्यांना दिसत नाहीत. इतके पुष्कळ, की आकाशातल्या चांदण्या मोजायला बसलेला माणूससुद्धा त्यांच्यापुढे हात टेकेल. तिथे ऊन नाही, वारा नाही. त्या उबदार अंधारात ते काडी कुरतडतात, आंबवतात, आपला वाटा घेतात आणि बाकीचा रस हत्तीला देऊन टाकतात. त्या रसाचं रक्त होतं, हाड होतं, सुळा होतो, आई झाली तर दूध होतं. बाहेर एक रान आणि हत्तीच्या आत एक रान, आणि आतलं नसेल तर बाहेरचं सगळं हिरवं असून फुकट.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं पोट नव्या बांधलेल्या घरासारखं असतं, जवळजवळ रिकामं. पहिली बिऱ्हाडं जन्माच्या वाटेवरच आईकडून येतात, मग तिच्या कातडीवरून, तिच्या स्तनांवरून. आणि दुधाची गोष्ट ऐका. आईच्या दुधात अशी एक साखर असते, जी बाळाला पचतच नाही. मग आईचं अंग ती बनवतं कशाला? बिऱ्हाडांसाठी. लेकराला पाजता पाजता ती त्यांनाही पाजत असते, ज्यांना तिनं जन्मात पाहिलेलं नाही. तुमच्या आयांनीही तेच केलंय. तुम्ही पाळण्यात हातपाय झाडत होतात, तेव्हा तुमच्या पोटात एक गाव वसत होतं, तुमचं दूध पचवत होतं आणि तुम्हाला बाळसं आणायला हातभार लावत होतं.

पण दूध पचवणारे निराळे आणि गवत फोडणारे निराळे. गवत फोडणारे पिल्लाला मिळणार कुठून, तर आधी गवत खाऊन मोठ्या झालेल्याच्या पोटातून. दूध कितीही चांगलं असो, कालच्या दह्याचं विरजण लावल्याशिवाय घरात दही लागतं का? तसंच हे. आपल्यात कोणी चूक केली की ‘शेण खाल्लंस’ म्हणतात. हत्तीच्या पिल्लानं ते खाल्लं नाही, तर चूक होते. तुम्ही मात्र लगेच गोठ्याकडे धावू नका. ज्याचं त्याला शोभतं.

तर म्हाताऱ्या हत्तिणीनं आपल्या ताज्या लीदेचा गोळा उचलून पिल्लासमोर ठेवला. पिल्लानं वास घेतला. जे आता आता कोंब आणि साली पाहूनही डोळे मिटून घ्यायला लागलं होतं, त्यानं डोळे उघडले आणि सोंड लांब केली. त्याच्या आईनं झटकन पाय मध्ये घातला. मावशी म्हणाली, अगं, मरू घातलंय ते, खाऊ दे की. तेवढ्यानं धाकटी आणखीच पेटली, आणि आपल्या आईकडे वळून जे इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं ते बोलली.

“खड्ड्यात पडले तेव्हा कुठे होतीस तू? मला वखारीनं वाढवलं. माणसांनी घास भरवला मला. तू काय केलंस माझ्यासाठी? आता लेकरू कसं वाढवायचं ते मला शिकवू नकोस.”

मावशीनं मान फिरवली. म्हातारीचे कान हलायचे थांबले. पिल्लाची सोंड आईच्या पायाला अडून तशीच मातीत पडून राहिली.

तुमचा जीव टांगणीला ठेवण्यात मला काही मोठेपणा वाटत नाही, म्हणून सांगून टाकते की पिल्लू वाचलं. त्या दिवशी थोडी लीद खाल्ली, दुसऱ्या दिवशी थोडी. लगेच काही दिसलं नाही, कारण गाव एका दिवसात वसत नाही. म्हातारी कळपाला म्हणाली, थांबायचं, आणि कळप चिखल चोखत थांबला. मग हळूहळू पोटाचा नगारा उतरला. लीदेतल्या काड्या पिंजलेल्या दिसू लागल्या. एका सकाळी पिल्लू आपलं आपण उठून मावशीच्या मागे गेलं आणि तिच्या लीदेत खुशाल सोंड घालून उभं राहिलं, आणि त्याची आई माती उडवायची विसरून बघत बसली. ज्यांना पाहता येत नाही असे कोणीतरी तिच्या लेकराच्या आत बसून त्याचा हत्ती करत होते. खिंडीत शेवटचा चढ लागला तेव्हा ती मागून डोक्यानं त्याला रेटत होती खरी, पण रेटायची फारशी गरज नव्हती.

पण हे सगळं झालं ते तिनं मध्ये घातलेला पाय उचलला म्हणून. तो मावशीच्या बोलण्यानं उचलला गेला नव्हता, पिल्लाच्या सोंडेनं नाही, चिरडून दाखवलेल्या लीदेनंही नाही. तो उचलला गेला तो तिच्या आईच्या एका वाक्यानं. म्हाताऱ्या हत्तिणीनं लेकीच्या पायावरच्या साखळीच्या वळावर सोंड ठेवली आणि आवाज न चढवता म्हणाली,

“तू पिल्लू असताना माझ्या मागे मागे फिरून माझी लीद खाल्ली होतीस, पोरी, त्या वखारीत माणसांनी भरवलेला एकेक घास तुझ्या पोटात बसून मीच पचवत होते.”

तात्पर्य : आई लेकराला जे देते त्यातलं थोडंच डोळ्यांना दिसतं, म्हणून कशालाही घाण म्हणून लोटण्याआधी, त्यातून आपल्याला कोण जगवत आलंय ते विचारावं.