घरट्याघरट्यात एक शेंग

झाडं अजून आपसांत गप्पा मारत, त्या काळातली ही गोष्ट. आमराईतल्या कोकीळदादांनी एक नवं गाणं रचलं आणि शिरीषाच्या वाळक्या शेंगांत भरलं. सकाळी सगळे पक्षी चाऱ्याला गेले, तेव्हा त्यांनी प्रत्येक घरट्यात एकेक शेंग ठेवून दिली. विचारायचं कशाला? फुकट तर देत होते!

शिंपीण परतली तेव्हा तिचं घरटं तिरकं लोंबत होतं. दोन पानं कापसाच्या धाग्यानं शिवून तिनं ते तीन पिल्लांपुरतंच बेतलं होतं, आणि आता त्यात ही वीतभर शेंग! वाऱ्याची झुळूक आली की शेंग गाऊ लागे. भुकेली पिल्लं चिवचिवली तरी ऐकू येईना. शेवटी शिंपिणीनं स्वतःच्या चोचीनं सहा टाके उसवले, शेंग बाहेर काढली, घरटं पुन्हा शिवलं आणि शेंग ओढत तडक आमराई गाठली.

कोकीळदादांचा चेहरा पडला. "गाणं आवडलं नाही, शिंपीणबाई?"

"गाणं झकास आहे, दादा. पण तुमचं तुम्हाला परत करते. कुठंय तुमचं घरटं? तिथंच ठेवते."

कोकीळदादांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "मी घरटं कधी बांधलंच नाही," ते हळूच म्हणाले.

"तरीच!" शिंपीण खळखळून हसली. "आता फांदीवर बसून गा. पिल्लांना भरवलं की येते ऐकायला."

ती खरंच आली, बुलबुलालाही घेऊन आली. कोकीळदादांनी गळा साफ केला आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "सुरू करू का?"