लोट्यातलं दूध आणि मोटारीची कमान

"कमान अशी बसव, की मोटारीत गादीवर बसल्यासारखं वाटलं पाहिजे! आणि कितीही मोठा खड्डा येवो, मोटारीचं पोट दगडाला टेकता कामा नये!" निंबळगडचे अमृतराव महाराज भट्टीवर येऊन राणोजी लोहारावर कडाडले. कडाडले म्हणजे जरा बोबडेच कडाडले. कालच बोलता बोलता मोटार खड्ड्यात आदळली होती आणि महाराजांनी स्वतःचीच जीभ चावली होती.

राणोजीनं हात जोडले. "सरकार, चाकांवर पोलादी पाट्यांची कमान असते. पाटे मऊ घातले तर मोटार खाली आपटते, कडक घातले तर माणूस वर उडतो. मऊ घातले ते मोडले. मग कडक घातले, तर..." महाराजांच्या तोंडाकडे बघून तो गप्प झाला.

"तर आमची जीभ गेली! बोल की, लाजतोस कशाला?"

शेजारी बांधकाम कारभारी गुंडोपंत उभे होते. संस्थानातले सगळे रस्ते त्यांच्या ताब्यात, आणि खड्डे तर त्यांच्या खास लाडातले. एकाही खड्ड्याला त्यांनी कधी दुखावलं नव्हतं! "महाराज, रस्ता उत्तम आहे. लोहारच कच्चा!" ते म्हणाले. "परीक्षा घ्या. मोटारीत दुधाचा लोटा ठेवायचा आणि इथून देवीच्या टेकडीपर्यंत न थांबता पळवायची. थेंब जरी सांडला, तरी यानं भट्टी विझवून संस्थान सोडायचं!"

"ठरलं!" महाराज म्हणाले. "आजच्या आज!"

राणोजीच्या तोंडचं पाणी पळालं. त्या रस्त्यानं पोटातलं पाणी हलायचं, मग लोट्यातलं दूध काय राहणार! तीन पिढ्यांची भट्टी, आता बिऱ्हाड घेऊन जायचं तरी कुठं?

तेवढ्यात भात्यापाशी बसलेली त्याची लेक सगुणा पुढे आली. एकोणीस वर्षांची पोर. बापाच्या बरोबरीनं घण मारायची आणि बोलताना तर घणाचीही गरज पडायची नाही.

"कबूल आहे, सरकार. पण पाटे जुळवायला तिसरा प्रहर होईल. लोटा आमचा, दूध तुमचं. तुमच्याच हातानं आत्ता ओतून ठेवा. मागाहून कुणी म्हणायला नको, की लोहाराच्या पोरीनं लबाडी केली."

"आणि दूध धारोष्णच हवं!" गुंडोपंत मध्येच ओरडले. "पाणी घालायची सोय नको!"

"पंत, अगदी माझ्या मनातलं बोललात बघा!" सगुणा म्हणाली आणि लोटा आणायला आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात कल्हईचा लोटा होता आणि ती पदराला बोटं पुसत होती.

महाराजांनी कोमट दूध ओतलं, काठाला दोन बोटं कमी. वर पांढरं फडकं बांधून स्वतः गाठ मारली. फडकं ओलं झालं की लोहार हरला! लोटा भट्टीजवळच्या कट्ट्यावर ठेवला. सगुणावर काडीचा भरवसा नसल्यानं गुंडोपंत वैशाखाच्या उकाड्यात घाम पुसत लोट्यासमोर खुर्ची टाकून बसले. जेवायलासुद्धा उठले नाहीत बिचारे!

इकडे बापलेकींनी कमान खोलली. सगुणानं मऊही नाही आणि कडकही नाही, अशी सात पाट्यांची मिसळ जुडी बांधली. वर पातळ पाटे, खाली जाड. लहान खड्ड्याला पातळ पाटे लवतील, मोठ्याला जाड पाटे भार पेलतील.

"मोटारीचं जमलं गं," राणोजी कुजबुजला. "पण दुधाचं काय?"

"आबा, दुधाकडे पंत बघतायत ना? मग झालं तर!"

ऊन कललं आणि मोटार सुटली. मागे महाराज, गुंडोपंत आणि मधे लोटा. पुढे ड्रायव्हरशेजारी सगुणा. पहिला खड्डा आला, मोटार नुसती डुलली. दुसरा आला, महाराज म्हणाले, "वा!" पण ओढ्याजवळचा खड्डा म्हणजे विहीरच! मोटार आपटली नाही, तरी लोटा चांगला वीतभर उडाला. सगुणा वरून हसत होती, पण मान वळवून सारखी फडक्याकडे बघत होती. फडकं ओलं झालं तर आबांची भट्टी गेलीच!

टेकडीवर महाराजांनी फडक्यावरून बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत!

"अशक्य!" गुंडोपंतांनी फडकं ओरबाडलं आणि लोटा सरळ उपडा धरला. एक थेंब पडेल तर शपथ!

महाराजांनी आत वाकून पाहिलं. "अरे, हे तर दही आहे!"

"लबाडी! दुधात काहीतरी घातलं!" गुंडोपंत किंचाळले.

"दुधात कुठं? तुम्हीच तर राखत होतात!" सगुणा म्हणाली. "मी आधीच लोट्याला आतून दह्याचा हात फिरवला होता. लोटा कोराच हवा, अशी अट कुठं होती? सरकार, दूध सांडायचं नाही हे ठरलं होतं. आता त्या रस्त्यावर सांडणार नाही अशी कमान जगात कुणाकडे नाही. कमान बदलून भागेना, म्हणून मी दूध बदललं!"

महाराजांनी एकदा लोट्याकडे पाहिलं, एकदा गुंडोपंतांकडे, आणि असे खदखदून हसले की ड्रायव्हरलाही हसू आवरेना. "आणि पंत दिवसभर विरजणाची राखण करत बसले! पोरी, आजपासून आमचा मोटारखाना तुझा आणि तुझ्या बापाचा. आणखी काय हवं ते माग!"

"एवढंच मागते, सरकार. रस्ता उत्तमच आहे, तर महिनाभर गुंडोपंतांनी रोज याच रस्त्यानं बैलगाडीतून कचेरीत यावं." सगुणानं मान खाली घातली. "बैलगाडीला कमान नसते."

"मंजूर!"

"महाराज, दया करा!" गुंडोपंतांनी आत्ताच दोन्ही हातांनी कंबर धरली. "पंधरा दिवसांत सगळा रस्ता गुळगुळीत करून देतो!"

"आठ!" सगुणा म्हणाली.

महाराज पुन्हा हसत सुटले, आणि हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या हातात घातलं. "ऐकलंत ना, पंत? आठ!"